जाळणारे आणि गाळणारे

पुस्तकं जाळणाऱ्या समाजावर एक अमेरिकन कादंबरी आहे. तिच्यावर इंग्रजीत सिनेमा काढायचं ठरलं, तेव्हा ते काम गेलं जेमतेम इंग्रजी येणाऱ्या एका फ्रेंच दिग्दर्शकाकडे. त्यानं नायक घेतला ऑस्ट्रियाचा. स्टुडिओ घेतला इंग्लंडमधला. गावातली वाहतूक दाखवायला मोनोरेल हवी होती, ती सापडली फ्रान्समध्ये. गोष्टीतल्या लोकांना छापील अक्षराची बंदी, म्हणून सिनेमाच्या सुरुवातीची नावंसुद्धा पडद्यावर लिहून येत नाहीत. छपरांवरचे टीव्हीचे अँटेना दिसत राहतात आणि एक आवाज कलाकारांची नावं वाचून दाखवतो. इतका जामानिमा करून काढलेला सिनेमा पाहून बाहेर पडणारा माणूस काय म्हणतो? "पुस्तक जास्त चांगलं आहे."

कादंबरी म्हणजे रे ब्रॅडबरीची 'फॅरनहाइट 451', साल 1953. सिनेमा त्याच नावाचा, दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो, साल 1966. गोष्ट पुढच्या काळातली. घरं आगीला दाद देत नाहीत अशी बांधलेली, त्यामुळे बंबवाल्यांना काम उरलेलं नाही. पण काम उरलं नाही म्हणून सरकारी खातं बंद झालंय, असं कधी होतं का? या खात्यालाही नवं काम मिळतं: कुणाच्या घरात पुस्तकं सापडली की जाऊन पेटवायची. बंबात पाण्याऐवजी रॉकेल. गाय माँटॅग हा असाच एक नोकरदार बंबवाला. वेळेवर जातो, नीट जाळतो, बढतीची वाट पाहतो. एक दिवस तो जाळायचं पुस्तक उघडून वाचतो आणि नोकरी-संसाराचं एकदमच मातेरं करून घेतो. 451 अंशांना कागद आपोआप पेट घेतो, असं ब्रॅडबरीला सांगण्यात आलं होतं. खरं तर ते कागदागणिक बदलतं. सेल्सियसमध्ये हा आकडा सुमारे 233 होतो. पण त्या नावाचं पुस्तक लोकांनी गणिताचं समजून बाजूला ठेवलं असतं.

उद्या सगळ्याचं वाटोळं होणार आहे, हे सांगणाऱ्या कादंबऱ्यांची पश्चिमेकडे एक वेगळी जातच मानतात. आपल्याकडे हा प्रकार घरातली वडीलधारी मंडळी पिढ्यानपिढ्या तोंडी हाताळत आली, म्हणून बहुधा कुणाला तो लिहून काढावासा वाटला नाही. फरक इतकाच, की आपल्या वडीलधाऱ्यांच्या भाकितात शेवटी पोरंच वाया गेलेली असतात आणि ब्रॅडबरीच्या भाकितात बायको. तिचं नाव मिल्ड्रेड. दिवाणखान्याच्या तीन भिंती टीव्हीच्या आहेत आणि चौथी कधी घेणार म्हणून ती नवऱ्याच्या मागे लागली आहे. कानात शिंपल्याएवढे रेडिओ घालून झोपते. ही कल्पना 1953 सालची, हे कानात बोंडं खोचून लोकलमध्ये बसलेल्यांनी लक्षात घ्यावं.

आता या दोन कलाकृतींची तुलना करायची. तुलना करणाऱ्यांत मला मुख्यतः तीन जातीची माणसं भेटली आहेत. पहिला पुस्तक वाचलेला. तो सिनेमा बघत नाही, तपासतो. काय गाळलं याची मनातल्या मनात यादी करत बसतो आणि मध्यंतरात शेजाऱ्याला वाचून दाखवतो. दुसरा सिनेमा पाहून पुस्तकाकडे वळलेला. तो चाळिसाव्या पानावर थांबलेला असतो, पण तिथवर सिनेमा कसा उजवा आहे हे छातीठोकपणे सांगतो. तिसऱ्यानं पुस्तक वाचलेलं नसतं आणि सिनेमा पाहिलेला नसतो. चर्चेत सगळ्यात जास्त तोच बोलतो, कारण दोन्ही बाजूंकडून त्याच्यावर कसलाच दबाव नसतो.

या तिघांचं एका बाबतीत एकमत असतं, की सिनेमानं पुस्तकाशी प्रामाणिक असलं पाहिजे. गंमत अशी, की हे मत एकेकाळी खुद्द त्रुफोचंही होतं. वयाच्या एकविसाव्या वर्षी, जानेवारी 1954 मध्ये, त्यानं 'काहिए द्यु सिनेमा' या मासिकात एक जळजळीत लेख लिहिला. त्या वेळी फ्रान्समध्ये ओराँश आणि बोस्त या पटकथालेखकांच्या जोडीचा दबदबा होता. मोठमोठ्या कादंबऱ्या त्यांच्याकडे यायच्या. कादंबरीतला एखादा प्रसंग पडद्यावर येणं शक्य नाही असं त्यांना वाटलं, की ते तो काढून त्याच्या तोलाचा दुसरा प्रसंग स्वतः लिहायचे आणि वर आत्मा कायम ठेवला म्हणायचे. त्रुफोनं त्यांची अशी काही सालटी काढली की फ्रेंच सिनेमातली जुनी फळी हादरली. पुस्तकाचा आत्माही तुम्हाला कळत नाही आणि शब्दही पाळता येत नाही, असा एकूण सूर.

मग बारा वर्षांनी त्याच्या हातात कादंबरी आली. त्यानं काय केलं?

पहिल्यांदा त्यानं कुत्रा काढून टाकला. हा साधा कुत्रा नव्हता. आठ पायांचा यांत्रिक शिकारी कुत्रा, वासावरून माणूस हुडकणारा आणि सुई टोचून गार करणारा. लहानपणी कादंबरी वाचलेला माणूस बाकी सगळं विसरेल, हा कुत्रा विसरणार नाही. मग प्राध्यापक फेबर गेला. म्हातारा, भेदरट, पण कादंबरीतला बराचसा विचार याच्या तोंडी आहे. शेवटी महायुद्ध गेलं. कादंबरीच्या शेवटी सबंध शहर अणुबाँबनं क्षणात बेचिराख होतं. सिनेमाच्या शेवटी बर्फ पडतो. तोही ठरवून पाडलेला नव्हता. चित्रीकरणाच्या वेळी अचानक पडायला लागला आणि त्रुफोनं कॅमेरा चालू ठेवला. कुत्र्याच्या बदल्यात त्यानं पाठीवर यंत्र बांधून उडणारे पोलीस दिले. ते उडत नसून वर टांगलेले आहेत, हे लहान मुलालाही कळतं.

बायकोचं नाव मिल्ड्रेडचं लिंडा झालं. माँटॅगला पहिल्यांदा विचार करायला लावणारी शेजारची मुलगी क्लॅरिस कादंबरीत सतरा वर्षांची आहे आणि थोड्या पानांनी नाहीशी होते; गाडीखाली गेली असावी असं समजतं. सिनेमात ती शाळेतली मास्तरीण आहे आणि शेवटपर्यंत धडधाकट राहते. यावर कडी म्हणजे टीव्हीपुढे बसून मठ्ठ झालेली बायको आणि पुस्तकवेडी क्लॅरिस, दोघींचं काम ज्युली ख्रिस्तीच करते. एकीचे केस लांब, दुसरीचे आखूड, एवढाच फरक. नवरे मंडळींनी यातून काय बोध घ्यावा हे त्रुफोनं सांगितलेलं नाही. पण विचारांची मैत्रीण शोधायला निघालेल्या माणसाला अखेर बायकोच वेगळ्या केशरचनेत भेटते, ही कल्पना कादंबरीत कुठेही नाही आणि संसारात सर्वत्र आहे.

आमच्या ओळखीतले एक गृहस्थ पहिल्या जातीचे, म्हणजे पुस्तक वाचलेले. त्यांनी हा सिनेमा पाहिला तेव्हा कुत्रा येत नाही म्हटल्यावर ते बसल्या जागी तळमळायला लागले. "अहो, कुत्राच नाही!" असं त्यांनी तीनदा म्हटल्यावर मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "काका, बाहेर दोन आहेत. घेऊन या."

त्रुफोची बाजूही ऐकायला हवी. त्यानं जे काढलं त्याची यादी सगळे वाचतात, जे घातलं त्याची कुणी करत नाही. बंबखान्यातला तो खांब घ्या. एरवी बंबवाले वरून खाली घसरत येतात. त्रुफोचे बंबवाले खांबाला हात लावतात आणि सुर्रकन वर जातात. कसे, ते कोण विचारतो. आज्ञाधारक माणूस वर जाणारच. माँटॅग पुस्तकं वाचायला लागतो त्यानंतर खांब त्याला वर नेईनासा होतो. तो गपचूप जिना चढतो. वाचनानं माणसाची बढती कशी हुकते, हे इतक्या थोडक्यात सांगणारं दुसरं दृश्य मला माहीत नाही. यासाठी कादंबरीकाराला दोन पानं लागली असती आणि ती आपण वाचताना ओलांडली असती.

माँटॅग पहिलं पुस्तक वाचायला बसतो तो प्रसंगही तसाच. डिकन्सचं 'डेव्हिड कॉपरफील्ड'. रात्रीचा तो टीव्हीच्या उजेडात बसतो आणि अक्षरांखाली बोट फिरवत वाचायला लागतो. कुठून? तर मुखपृष्ठापासून. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, किती चित्रं आहेत, प्रकाशक कोण, सगळं. वाचायचं कसं हे ठाऊक नसलेल्या माणसाला वगळायचं काय हेही ठाऊक नसतं. प्रकाशकाचा पत्ता इतक्या भक्तिभावानं वाचणारा वाचक पाहून जगातल्या यच्चयावत प्रकाशकांचे डोळे पाणावले असतील.

आणि लिंडाच्या टीव्हीवरची ती मालिका. पात्रं एखाद्या क्षुल्लक गोष्टीवर, म्हणजे पाहुण्यांना कुठल्या खोलीत झोपवायचं असल्या प्रश्नावर, खल करतात आणि एकदम प्रेक्षकाकडे वळून विचारतात, लिंडा, तुला काय वाटतं? लिंडा काहीतरी पुटपुटते. बरोबर आहे, लिंडाचं म्हणणं अगदी बरोबर, असं पात्रं म्हणतात आणि ती धन्य होते. आपल्याला मुद्दाम भूमिका मिळाली, असं तिला वाटतं. नवरा म्हणतो, देशातल्या सगळ्याच लिंडांना त्यांनी विचारलं असेल. संसार मोडायला एवढं खरं बोलणं पुरतं. आज मोबाइलवर आपल्याला आपल्या नावानं हाक मारून वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे आणि आपलं मत 'महत्त्वाचं' मानणारे जे संदेश येतात, ते या मालिकेला साठ वर्षांपूर्वीच ठाऊक होते.

पडद्यामागची गोष्ट पडद्यावरच्यापेक्षा कमी नाही. त्रुफोला माँटॅग साधा, लहान मुलासारखा हवा होता. नायक ऑस्कर वेर्नर याला तो करडा, नायकासारखा नायक हवा होता. दोघे 'ज्यूल आणि जिम' या सिनेमापासूनचे मित्र. हा सिनेमा पुरा होईपर्यंत एकमेकांशी बोलेनासे झाले. शेवटी वेर्नरनं सूड म्हणून काय करावं? चित्रीकरण चालू असताना केस कापून आला. आधीच्या आणि नंतरच्या दृश्यांत नायकाचं डोकं वेगवेगळं. त्रुफोनं काही ठिकाणी पाठमोरा दुसराच माणूस उभा करून वेळ मारून नेली. याच सिनेमात लांब केस ठेवणाऱ्या तरुणाला सरकारी माणसं पकडून जबरदस्तीनं केस कापतात, असं एक दृश्य टीव्हीवर दिसतं. जुलमी राजवटीत न्हाव्याचं महत्त्व किती, हे या सिनेमाइतकं दुसऱ्या कुणी ओळखलेलं नाही.

एका गोष्टीत मात्र कादंबरीला तोड नाही, ती म्हणजे बंबखान्याचा कॅप्टन बीटी. हा माणूस पुस्तकं जाळण्यात तरबेज आहे आणि कादंबरीतल्या कुठल्याही वाचकापेक्षा जास्त वाचलेला आहे. उतारेच्या उतारे तोंडपाठ फेकतो. तो माँटॅगला या सगळ्याचा इतिहास सांगतो आणि तिथे गंमत आहे. सुरुवातीला सरकारनं काहीच बंद केलं नव्हतं. लोकांनाच लांबलचक वाचायचा कंटाळा आला. मग जाडजूड पुस्तकांच्या छोट्या आवृत्त्या निघाल्या, त्यांचे पंधरा मिनिटांचे रेडिओ कार्यक्रम झाले, त्यांचे दोन मिनिटांचे सारांश झाले, शेवटी शब्दकोशातल्या दहा-बारा ओळी उरल्या. त्यात प्रत्येक गटाच्या भावना दुखावायला लागल्या, म्हणून टोचणारं सगळं काढलं. सगळं झाल्यावर सरकार आलं आणि उरलेल्याला काडी लावली. जाहिरातींचे फलक तिथे दोनशे फूट लांब झालेले आहेत, कारण गाड्या इतक्या सुसाट जातात की वीस फुटांचा फलक कुणाला वाचता येत नाही.

हे भाषण ऐकल्यावर सिनेमाचं आणि कादंबरीचं नातं जरा अवघड होतं. कारण बीटीनं वर्णन केलेली ती पायरी, म्हणजे पुस्तक काढून त्या जागी थोडक्यातली आवृत्ती, ती हा सिनेमाच आहे. 112 मिनिटांत आटोपलेली. बीटी जर थिएटरात असता तर त्यानं उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या. त्रुफोला हे कळत असावं. त्याच्या कॅप्टनच्या तोंडचं भाषण बरंच आखूड आहे. पण त्या दृश्यात, सगळी माणसं सारखी व्हावीत म्हणून सगळी पुस्तकं जाळली पाहिजेत असं कॅप्टन सांगत असतो तेव्हा त्याच्या हातात हिटलरचं 'माइन काम्फ' असतं. पुस्तकप्रेमी प्रेक्षक क्षणभर गडबडतो. हेही वाचवायचं का? त्रुफो पुढच्या दृश्याकडे निघून जातो.

माझ्या भाचीनं हा सिनेमा दीडपट वेगानं पाहिला. मी म्हटलं, "अगं, सावकाश बघायचा सिनेमा आहे तो."

"मामा, दीडपट करूनसुद्धा सावकाशच वाटला. तू पुस्तक कसं वाचलंस?"

"एका वेगानं."

"वर्णनं सोडत नाहीस?"

मी विषय बदलला. कुठल्याही प्रामाणिक वाचकानं बदलला असता. सिनेमावाले गाळतात म्हणून आपण ओरडतो, पण निसर्गवर्णन आलं की आपलं बोट आपोआप दोन पानं उलटतं. प्रत्येक वाचक हा स्वतःपुरता ओराँश आणि बोस्त असतो.

एवढी काटछाट पाहून मूळ लेखक चिडला असेल, असं वाटतं ना? ब्रॅडबरीला सिनेमा आवडला. एकाच बाईला दोन भूमिका देणं चुकलं, एवढी तक्रार तो करायचा. आणि क्लॅरिसला जिवंत ठेवणं त्याला इतकं पटलं, की 1979 मध्ये त्यानं स्वतः या कादंबरीचं नाटक केलं तेव्हा तीही वाचली. सिनेमावाल्यानं कादंबरीकडून घेतलं, कादंबरीकारानं सिनेमाकडून परत घेतलं. चोरीला गेलेली वस्तू थोडी दुरुस्त होऊन परत यावी, याहून मालकाला जास्त काय हवं?

त्याच नाटकात त्यानं बीटीबद्दल एक नवा खुलासा केला. बीटी माँटॅगला आपल्या घरी नेतो. घरात भिंतीच्या भिंती पुस्तकांनी भरलेल्या. माँटॅग हबकतो. बीटी त्याला समजावतो, की पुस्तकं बाळगणं हा गुन्हा नाही, वाचणं हा गुन्हा आहे. मी यातलं एकही उघडत नाही. हे वाचलं आणि मला आपल्याकडचे कितीतरी दिवाणखाने आठवले. काचेचं कपाट, कपाटाला कुलूप, आत संत, इतिहास, समग्र वाङ्मय असे उतरत्या उंचीनं लावलेले खंड. पाहुण्यानं हात पुढे केला की यजमान म्हणतात, "किल्ली कुठे ठेवली आहे कोण जाणे." बंबवाल्यांनी अशा घरी धाड घातली, तर बीटीच्या कायद्यानुसार सगळं कुटुंब निर्दोष सुटेल.

आता प्रामाणिकपणाकडे परत येऊ. कारण या कादंबरीचा सगळ्यात मोठा घात सिनेमानं केला नाही. तो केला पुस्तकानं.

या पुस्तकाचा जन्म मुळात ग्रंथालयात झालेला. लॉस एंजलिसच्या विद्यापीठातल्या ग्रंथालयाच्या तळघरात भाड्यानं टाइपरायटर मिळायचे. दहा सेंटचं नाणं टाकलं की अर्धा तास. ब्रॅडबरीनं तिथे बसून पहिला खर्डा बडवला, एकूण खर्च 9 डॉलर 80 सेंट, म्हणजे एकोणपन्नास तास. पुस्तक जाळण्याविषयीचं, म्हणून प्रकाशकांनी दोनशे प्रती खास अॅस्बेस्टॉसच्या बांधणीत काढल्या. पेटवलं तरी पेटणार नाही असं पुस्तक. पुढे अॅस्बेस्टॉसनं फुफ्फुसाचा कर्करोग होतो हे सर्वांना पटलं, म्हणजे ही आवृत्ती आगीपासून सुरक्षित होती, वाचकच तेवढा तिच्यापासून सुरक्षित नव्हता.

मग 1967 मध्ये, सिनेमाच्या दुसऱ्याच वर्षी, शाळकरी मुलांसाठी याच कादंबरीची एक वेगळी आवृत्ती निघाली. तिच्यातून कुणीतरी हळूच शिव्या काढल्या. गर्भपात हा शब्द काढला. एक दारूडा होता त्याला आजारी केलं. कुणी बेंबी साफ करत होतं, त्याला कान साफ करायला लावलं. अशा पाऊणशे जागा बदलल्या. मुखपृष्ठ तेच, लेखकाचं नाव तेच, बदलाचा कुठे उल्लेख नाही. पुढे 1973 पासून तर बाजारात फक्त हीच धुतलेली आवृत्ती मिळायची. लेखकाला पत्ता लागला 1979 मध्ये. मग मूळ मजकूर परत आला आणि ब्रॅडबरीनं त्याला जोडून एक सणसणीत मजकूर लिहिला.

पुन्हा एकदा बघा. टोचणारं सगळं काढलं की शेवटी काय होतं, हे सांगणारं पुस्तक. त्यातलंच टोचणारं काढलं. बीटीनं मांडलेला क्रम त्याच्या स्वतःच्या पुस्तकाच्या बाबतीत प्रकाशकानं गिरवून दाखवला. आणि एवढी सहा वर्षं लाखो 'पुस्तक जास्त चांगलं आहे' वाले छाती पुढे काढून हिंडत असतील, त्यातल्या कित्येकांच्या हातात बेंबीऐवजी कान होता. त्रुफोनं गाळलं ते उजेडात, मोठ्या पडद्यावर, स्वतःच्या नावानं. वादाला समोर माणूस होता. इथे गाळणाऱ्याचं नावही कुठे नव्हतं. म्हणून हल्ली मला उघडपणे बेइमान असलेल्या सिनेमाची भीती वाटत नाही. 'मूळ संपूर्ण आवृत्ती' असं कव्हरावर ठळक छापलेलं दिसलं की मात्र मी आत डोकावतो.

2018 साली या कादंबरीवर टीव्हीसाठी आणखी एक सिनेमा निघाला. त्यात माँटॅगला बायकोच नाही. क्लॅरिस खबरी आहे. आणि पुस्तकं वाचवायला नुसत्या पाठांतरावर विसंबायची गरज नाही. जगातलं सगळं ज्ञान एका पक्ष्याच्या डीएनएत भरून पाठवून देतात. पक्ष्याला ते वाचता येतं का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. सिनेमा लोक लवकर विसरले.

पाठांतराची गोष्ट मात्र सोडून चालणार नाही, कारण प्रामाणिकपणाचा खरा निकाल तिथे लागतो. कादंबरीत आणि त्रुफोच्या सिनेमात, दोन्हीकडे शेवटी माँटॅग पळून रानात जातो. तिथे 'पुस्तक माणसं' राहतात. प्रत्येकानं एक पुस्तक पाठ केलेलं आहे आणि तो ते पुस्तकच झाला आहे. कादंबरीत एकदा वाचलेलं सगळं आठवून देणारी काहीतरी युक्ती त्यांना सापडलेली असते. लेखकानं घाईत काढलेली ही पळवाट आहे. सिनेमात बिचारे खरोखर घोकतात. दोन जुळे भाऊ आहेत, एक 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चा पहिला भाग, दुसरा दुसरा. भावांनी भांडण केलं तर जेन ऑस्टिनच्या नायिकेचं लग्न लांबणार. ब्रॅडबरीचंच दुसरं पुस्तक झालेला एक माणूसही तिथे आहे. आणि एक मरायला टेकलेला म्हातारा एका पोराकडून स्टिव्हन्सनची 'वेअर ऑफ हर्मिस्टन' पाठ करून घेतोय. ही कादंबरी स्टिव्हन्सननं अर्धवट ठेवली. म्हणजे पोरगं आयुष्यभर बरोबर एका ठिकाणी येऊन थांबणार आणि ऐकणारे विचारणार, "मग पुढे?"

असं रान आपल्याकडे असतं तर? विश्वकोशाचे वीस खंड एखाद्या एकत्र कुटुंबाला वाटून द्यावे लागले असते आणि वाटणीच्या वेळी 'अ'चा खंड कुणाला यावरून कोर्ट झालं असतं. 'रुचिरा' झालेल्या बाईंकडे दिवसभर रांग. पंचांग झालेल्या गृहस्थांचा मान पाडव्यापर्यंत. नंतर नवा माणूस यायचा आणि हे कोपऱ्यात बसून गेल्या वर्षीचे मुहूर्त सांगत राहायचे. कवितासंग्रह झालेले बरेच असते, पण ते स्वतःचेच.

थट्टा बाजूला ठेवली तरी हा प्रयोग आपल्याकडे खरोखर होऊन गेला आहे. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून म्हाइंभटांनी तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. मूळ पोथी पुढे परचक्राच्या धामधुमीत गेली. महानुभाव परंपरा सांगते, की ती मग शिष्यांनी आठवणीतून पुन्हा उभी केली. त्यात हिराइसेच्या पाठांतराचा मोठा वाटा. ग्रंथ वाचला, पण एक राहिला नाही. हिराइसेचा पाठ वेगळा, पिढीपाठ वेगळा. एकाला लीळा अशी आठवली, दुसऱ्याला तशी. नंतर पंथानं पोथ्या सांकेतिक लिपीत घातल्या, म्हणजे बाहेरच्याला हात लावता येऊ नये. आणि आमचे अभ्यासक आजतागायत पाठभेद लावत बसले आहेत. ब्रॅडबरीच्या रानात पन्नास वर्षांनी काय झालं असेल, ते कळायला त्याच्याकडे लीळाचरित्र हवं होतं. जुळ्या भावांपैकी एकानं नायिकेचा पहिला नकार जरा लांबवला असेल, दुसऱ्यानं तिच्या आईला कमी बोलू दिलं असेल. नायक डार्सीच्या वाट्याला कुठल्या तरी शिष्येनं एक प्रसंग वाढवला असेल. आठवणीत जपलेलं पुस्तकही सिनेमाच होतं.

मग पुस्तकाशी शंभर टक्के प्रामाणिक कोण? फक्त तो रानातला घोकणारा, आणि तोही पहिल्या दिवशी. त्याच्याशी पुस्तकाबद्दल बोलता येत नाही. तो पुस्तक म्हणून दाखवतो आणि थांबतो. कुत्रा गेला म्हणून तळमळणारे आमचे गृहस्थ, क्लॅरिसला जिवंत करणारा त्रुफो, ती परत उचलणारा ब्रॅडबरी, हे सगळे पुस्तकाशी थोडेफार बेइमान आहेत आणि पुस्तक चालू आहे ते त्यांच्या जिवावर. जाळणाऱ्याला पुस्तकं भेटत नाहीत तेव्हा तो हरतो. लोक पुस्तकावरून भांडायचे थांबतात तेव्हा तो जिंकतो. म्हणून पुस्तक न वाचता आणि सिनेमा न पाहता तावातावानं बोलणाऱ्या त्या तिसऱ्या जातीच्या माणसालाही माझी हरकत नाही. त्याला गप्प करायला का होईना, कुणीतरी घरी जाऊन पुस्तक उघडेल.